जयंतीबाईंची लेक

२१ सप्टेंबर

आजच्याच तारखेला, १८८५ साली, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी बायकोने नांदायला यावे म्हणून नवऱ्याने लावलेल्या, दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या दाव्याचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. मी सध्या या खटल्याविषयी मिळेल ते वाचते आहे. नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे नाव आता अनेकांना ठाऊक असते. त्यांची आई जयंतीबाई मात्र बहुतेक लेखांत एका ओळीपुरती येते आणि नाहीशी होते. जितके वाचते आहे तितके मला वाटू लागले आहे की या साऱ्या प्रकरणाचे मूळ त्या एका ओळीत आहे, आणि आपण ती फार घाईने वाचतो.

जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. पती जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा रखमा अडीच वर्षांची होती. पुढे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेच्या लग्नाला मुभा होती, त्यामुळे हा विवाह ज्ञातीच्या चालीबाहेरचा नव्हता. पण १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने एक अट घालून ठेवली होती की पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. ज्या कायद्याने विधवेला लग्नाची वाट मोकळी करून दिली, त्यानेच त्या वाटेवरून जाताना हात रिकामे ठेवायला सांगितले, ही गोष्ट मला आजही सलते. जयंतीबाईंनी लग्नाआधी ती मालमत्ता लेकीच्या नावे केली. आठ-नऊ वर्षांची रखमा अशा रीतीने स्वतःच्या नावाची मालमत्ता असलेली मुलगी झाली, आणि त्या काळच्या मुंबईत अशा मुली विरळाच होत्या.

पुढे जे घडले त्यात या मालमत्तेचा धागा सतत येतो. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न विशीच्या आतबाहेरच्या दादाजींशी लावण्यात आले. दादाजी हे डॉ. सखाराम अर्जुन यांचेच गरीब नातलग होते, आणि त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे व काही कर्तबगारी दाखवावी असे ठरले होते. त्यांना शिक्षणाची गोडी लागली नाही. सासरे म्हणून जो माणूस त्यांच्या वाट्याला आला तो ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातला अध्यापक, वनस्पतींचा जाणकार आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक होता. अशा शिस्तीच्या घरात त्यांचे मन रमले नसावे. ते मामा नारायण धुरमाजी यांच्याकडे राहायला गेले. रखमाला न्हाण आल्यावर गर्भाधानाचा आग्रह सुरू झाला, तेव्हा डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्य या नात्याने त्याला ठाम नकार दिला. रखमा आईच्याच घरी राहिली आणि फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरी शिकत राहिली.

अशी काही वर्षे गेली आणि १८८४ साली दादाजींच्या वकिलांची नोटीस आली. लग्नाला आठ वर्षे होत आली होती, आणि या आठ वर्षांत पतिपत्नी एकदाही एकत्र राहिले नव्हते. पिन्हींनी नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. जोडीदाराला नांदायला येण्याचा हुकूम मिळवण्याचा इंग्रजी कायद्यातला हा उपाय एकदा एकत्र राहिलेल्या आणि नंतर दुरावलेल्या जोडप्यासाठी आहे. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही ते पुन्हा सुरू करण्याचा हुकूम न्यायालयाने कसा द्यायचा, असा त्यांचा प्रश्न होता. असहाय बालपणी जिचे लग्न लावून दिले, त्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध एका पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना रानटी, क्रूर आणि किळसवाणे वाटले, आणि त्यांनी ते निकालात तसेच लिहिले. रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. हा निकाल ऐकायला डॉ. सखाराम अर्जुन हयात नव्हते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते. जयंतीबाई दुसऱ्यांदा विधवा झाल्या होत्या, आणि लेकीचा खटला उभा होता.

२३ सप्टेंबर

बदनामी म्हणजे नेमके काय झाले, ते आज सविस्तर लिहून ठेवते. रखमाबाईंनी घर सोडून पळ काढला नव्हता, कोणा परपुरुषाशी त्यांचे नाव जोडले गेले नव्हते, त्यांनी धर्म बदलला नव्हता. त्यांनी एवढेच म्हटले होते की माझी संमती विचारली गेली नाही अशा वयात लागलेले लग्न माझ्यावर बंधनकारक नाही. पण हे म्हणणे न्यायालयात, स्वतःच्या नावाने, वकील देऊन मांडले गेले, आणि त्यामुळे मुंबई-पुण्यातली वृत्तपत्रे खवळून उठली. निकालाच्या आधीच, जून १८८५मध्ये, ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक पत्र आले होते, आणि सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर दुसरे. दोन्ही रखमाबाईंची होती. बालविवाहाच्या दुष्ट चालीने आपल्या आयुष्यातले सुख नासवले, आणि ज्या अभ्यासाची व बुद्धीच्या विकासाची आपल्याला सर्वांत अधिक ओढ आहे त्याच्या आड ती आली, असे त्यांनी पहिल्या पत्रात लिहिले आहे. अन्यायाचे गाऱ्हाणे सांगताना ही तरुण मुलगी अभ्यासाला अग्रस्थान देते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नवरा नावडता आहे, गरीब आहे, हे मुद्दे खटल्यात आले आणि विरोधकांनी तेवढेच उचलले. तिचे स्वतःचे पहिले गाऱ्हाणे पुस्तकांपासून तोडले जाण्याचे होते.

टिळकांनी पिन्हींच्या निकालाला विरोध केला. हिंदू धर्मशास्त्र न समजलेल्या न्यायाधीशाने सुधारणा जबरदस्तीने लादू नये, आणि मुलींना इंग्रजी शिक्षण दिले की असेच होते, असा त्या बाजूचा सूर होता. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळक आणि आगरकर यांच्यातली दरी याच काळात रुंदावत होती; १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ सुरू केला. टिळकांविषयी मला आदर आहे. तरीही हे लिहायलाच हवे की परकीय सत्तेविरुद्धचा त्यांचा लढा एका तरुण स्त्रीच्या शरीरावरच्या हक्काच्या प्रश्नावरून पुढे नेला गेला, आणि त्या लढ्याची किंमत तिने द्यावी अशी त्यांची अपेक्षा होती. मालमत्तेचा आरोपही याच काळात उघडपणे झाला. दादाजींनी १८८७ साली आपली बाजू मांडणारी एक पुस्तिका काढली. मुलगी सासरी गेली तर मालमत्ता हातची जाईल म्हणून तिची आई आणि आजोबा हरिश्चंद्र यादवजी हे तिला अडवून धरतात, असा त्यांचा रोख होता. रखमाबाईंनी त्याच वर्षी जाहीर उत्तर देऊन हा आरोप खोडून काढला. मला मात्र वाटते की तो आरोप जयंतीबाईंना फार जिव्हारी लागला असणार. लेकीचे भले व्हावे म्हणून तिच्या नावे केलेली ठेव आईच्या लोभाचा पुरावा म्हणून छापली गेली होती.

दादाजींच्या अपिलावर १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला आणि खटला फेरसुनावणीला पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी महिन्याभरात पतीच्या घरी राहायला जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. या निकालाला शरण जाण्यापेक्षा आपण मोठ्यात मोठी शिक्षा पत्करू, असे उत्तर त्यांनी दिले. या तारखेकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी बराच वेळ तिथेच थांबले. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, म्हणजे या हुकमाच्या सहाच दिवस आधी. एकीला नवऱ्याने शिकवले आणि समुद्रापार धाडले, दुसरीने नवऱ्याला नकार देऊन शिक्षणाचा हट्ट धरला. पहिलीच्या मृत्यूवर सारे हळहळले आणि दुसरीला तुरुंगात पाठवा म्हणाले.

आणखी एक तपशील इंग्लंडचा आहे. जॉर्जिना वेल्डन या बाईने आपल्या नवऱ्याविरुद्ध नांदवण्याचा असाच हुकूम मिळवला होता. त्याने तो पाळायला नकार दिला, आणि त्याला कैद होण्याची वेळ आली तेव्हा ब्रिटिश संसदेने १८८४ साली अशा हुकमाच्या भंगाबद्दलची कैदच रद्द केली. दादाजींची नोटीस आली तेही साल १८८४च. ज्या कायद्याच्या नावाने मुंबईत रखमाबाईंना तुरुंग दाखवला जात होता, त्याच्या माहेरी तो तुरुंग बंद झाला होता. इंग्रज सरकार हिंदू रूढीत हात घालते अशी ओरड पुण्यात चालली होती. हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला मुळीच नव्हता, तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता, हे त्या ओरडीत कोणाला ऐकूच गेले नाही. पंडिता रमाबाईंना मात्र सारे स्पष्ट दिसत होते. मे १८८७च्या एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की बलाढ्य हिंदू कायदा, सामर्थ्यशाली ब्रिटिश सरकार, कोट्यवधी पुरुष आणि हिंदूंचे तेहतीस कोटी देव हे सगळे एका असहाय बाईला चिरडायला एकत्र आले असताना तिने तोंड उघडले, याचेच नवल वाटते.

अखेर जुलै १८८८मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न रद्द केले अशी कथा फार पसरलेली आहे आणि ती मी अनेक ठिकाणी वाचली. मला ती कथा अन्यायाची वाटते, कारण तिच्यात एका बाईच्या चार वर्षांच्या धीराचे श्रेय दूरच्या राणीला जाते. रखमाबाईंची सुटका पैसे मोजून झाली. कोणत्याही न्यायालयाने किंवा राणीने त्यांना मुक्त केले नाही.

२५ सप्टेंबर

१९५५ साली याच दिवशी रखमाबाई वारल्या. त्या नव्वद वर्षांच्या होत्या. त्यांच्यावर लिहिले गेलेले बहुतेक सारे १८८४ ते १८८८ या चार वर्षांविषयी आहे. उरलेल्या आयुष्याला एक-दोन परिच्छेद मिळतात, म्हणून आज फक्त त्या उरलेल्या आयुष्याविषयी लिहायचे ठरवले आहे.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ साली इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली शिक्षण पुरे करून परतल्या. मग सुरतेचे स्त्रियांचे रुग्णालय, आणि त्यानंतर राजकोटचे जनाना रुग्णालय, अशी मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी काम केले. मुंबईत ज्यांचे नाव घराघरांत चघळले गेले होते, त्या रखमाबाईंनी गुजरातेत बायकांची बाळंतपणे केली आणि आजार बरे केले. सुरतेच्या रुग्णालयाला पुढे त्यांचे नाव दिले गेले. आपल्याकडे मात्र त्यांना ‘भारतातील पहिली वैद्यकीय व्यवसाय करणारी स्त्री’ म्हणण्याची सवय लागली आहे. कादंबिनी गांगुली कलकत्त्यात त्यांच्या आधीपासून रुग्ण पाहत होत्या, म्हणून तो मान रखमाबाईंचा नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. पस्तीस वर्षे एकाच कामात टिकून राहणे हे ‘पहिली’ असण्यापेक्षा मला अवघड वाटते.

एक गोष्ट मला सुटत नाही. १९०४ साली दादाजी वारल्याची वार्ता आली तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र नेसायला सुरुवात केली. ज्याचे पतीपण त्यांनी उच्च न्यायालयात नाकारले, त्याच्या मरणाने त्या विधवा कशा झाल्या? कोणी याला पराभव म्हणतात, कोणी रूढीचा पगडा. मला यांपैकी काहीच पटत नाही. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता. तडजोडीनंतरही त्या कायद्याने विवाहितच होत्या, आणि म्हणून पुन्हा लग्न करण्याची मोकळीक त्यांना सोळा वर्षे नव्हती, जी दादाजींना पहिल्याच वर्षी होती. पुनर्विवाह केलेल्या आईच्या हाताखाली वाढलेल्या या बाईला वैधव्याची सक्ती मान्य नव्हती हे त्यांच्या १८८५च्या पत्रावरून दिसते. तरीही त्यांनी ते वस्त्र नेसले, आणि आपण हे का केले हे जगाला समजावून सांगण्याची गरज त्यांना वाटली नसावी. तरुणपणी एवढ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागलेल्या बाईला हा हक्क असलाच पाहिजे. कामातून निवृत्त होण्याच्या सुमाराला, १९२९ साली, त्यांनी पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून एक पुस्तिका लिहिली. तेव्हा लढण्याची इच्छा संपली होती असेही म्हणता येत नाही.

शेवटची नोंद कायद्याची, कारण ती मी नुकतीच ताडून पाहिली आणि ती मनातून जात नाही. नांदायला न जाणाऱ्या बायकोला कैद करण्याची तरतूद १९२३ साली निघाली, दावा मात्र राहिला. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम ९मध्ये सहजीवनाच्या हक्काचा हाच उपाय पती आणि पत्नी दोघांसाठी जपून ठेवला गेला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. चार महिन्यांनी त्या गेल्या. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी टी. सरिता यांच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले, आणि त्यांच्या म्हणण्यात पिन्हींचाच धागा दिसतो, की स्त्रीच्या शरीरावरचा तिचा अधिकार न्यायालयाच्या हुकमाने काढून घेता येत नाही. पुढच्याच वर्षी सरोज राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. २०१९ साली त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. मला हे कलम जायला हवे असे वाटते, आणि त्यावरच्या प्रत्येक चर्चेत रखमाबाईंच्या बरोबर जयंतीबाईंचे नाव घेतले जावे असेही वाटते. दुसऱ्या लग्नाच्या आधी स्वतःचा हक्क सोडताना त्या पंचविशीच्याही आत होत्या, आणि लेकीला नकार देता यावा एवढी पायाखालची जमीन त्यांनी तेव्हाच तिच्या नावावर करून ठेवली होती.