काळू नदी नक्की कुठून सुरू होते?

पावसाळ्यातल्या रविवारी माळशेजला जाऊ नये, हे प्रत्येक जण सांगतो आणि स्वतः जातो. आम्हीही गेलो. गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीत वेगळं गाणं, धबधब्याखाली उभं राहायला धक्काबुक्की. यापलीकडे घाटाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरा दिवस गेला तो खाली, थितबीच्या बाजूला. मित्राचं आजोळ तिथून जवळ. भात-लावणीचे दिवस, त्यामुळे घरी कुणाला बोलायला फुरसत नव्हती. मला मात्र काळू नदीचा उगम बघायचा होता. मित्राचे मामा आवणातली रोपं उपटत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी वाकल्या वाकल्याच विचारलं, "कुठली पाहिजे तुम्हाला?"

प्रश्न रास्त होता. समोरच्या कड्यावरून जागोजागी पाणी कोसळत होतं आणि खाली येऊन प्रत्येक धार ओहळ होत होती. मी नकाशा काढला. मामांनी तो बघितलासुद्धा नाही. "ही सगळी पावसाची पोरं. दिवाळी झाली की गेली. होळीपर्यंत ज्या डोहांत गुरांना पाणी मिळतं, ती काळू."

नकाशावर उगम हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेत आहे. तिथे डोंगराच्या धारेवर पडलेल्या पावसाची वाटणी गमतीची आहे. पूर्वेला वळलेलं पाणी पुष्पावतीतून कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असं करत पार बंगालच्या उपसागराला जातं. हातभर पश्चिमेला पडलेलं पाणी कड्यावरून खाली येतं आणि मुरबाड तालुका ओलांडून कल्याणच्या अंगणातच उल्हासला भेटतं. वाटेत डोईफोडी नदी येते (नाव ऐकून मी हसलो, तिथला उतार बघून गप्प झालो), मग टिटवाळ्याच्या पुढे भातसा. उल्हास पुढे खाडी होते आणि घोडबंदरच्या आमच्या इमारतीवरून दिसते. म्हणजे मी इतकी वर्षं या ओहळांचं दुसरं टोक बघत होतो, तेही गॅलरीत कपडे वाळत घालताना.

दुपारी मामा ओढ्यात घेऊन गेले. पाणी गुडघ्याएवढंच, पण पाय टिकू देत नाही. काळ्या दगडांत पांढरे खडे बसलेले दिसले. लाव्हा थिजताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरली, त्याचे हे खडे. मामांना त्यात रस नव्हता. ते दगड उलटून खेकडे शोधत होते. वळगणीचे मासे पहिल्याच पुरात चढून गेले, तुम्ही उशिरा आलात, असं त्यांनी तीनतीनदा ऐकवलं. पाहुणचाराची ही तऱ्हा मला आवडते. उगाच कौतुक नाही, हातात थेट खेकड्यांची पिशवी.

जेवताना धरणाचा विषय निघालाच. काळूवर मोठं धरण बांधून पाणी मुंबई महानगराला द्यायचा बेत जुना आहे. काम सुरूही झालं होतं, 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. गावं आणि जंगल पाण्याखाली जाणार म्हणून आदिवासींचा विरोध होता. मामींनी मला भाकरी वाढली आणि सहज विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं?"

आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो. त्याच्या पैशांवरून दर सभेत भांडण होतं आणि नवीन धरणं का बांधत नाहीत, असं कुणीतरी तावातावाने विचारतं. मागच्या सभेत ते मीच विचारलं होतं. मामींना एवढंच म्हणालो, "येतं थोडा वेळ." त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

परतीच्या एसटीत जागा मिळाली नाही. मुरबाडपर्यंत दांड्याला लोंबकळत आलो, पायाशी खेकडे. पिशवी कुठूनशी फाटली होती, आणि कंडक्टरने त्यांचं तिकीट मागितलं नाही हे नशीब.