आमची वाटचाल: प्रेसवाल्यांच्या फाईली आणि आम्ही

कोल्हापुरात आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, गिऱ्हाईक बहुतेक प्रिंटिंग प्रेसवालेच, लग्नपत्रिका फ्लेक्स हँडबिलं छापणारे. आधी त्यांना बिलिंग करून द्यायचो, पण त्यांचा खरा ताप म्हणजे व्हॉट्सॲपवर नाहीतर पेनड्राईव्हवर येणाऱ्या फाईली, ऐन छपाईच्या वेळी उघडायच्याच नाहीत. मग ऑर्डरची वेबसाईट केली, डिझाईन माऊसनं ओढायचं आणि चौकोनात सोडायचं.

खरी मेहनत त्या चौकोनातच आहे बघा. वेबपेजवरच्या फाईल निवडायच्या बटणाला, म्हणजे इनपुटला, कुठल्या प्रकारच्या फाईली चालतील ते सांगणारं ॲक्सेप्ट लावलं की फाईल निवडायच्या खिडकीत हव्या त्याच फाईली दिसतात, पण आपण बनवलेल्या चौकोनात ओढून टाकलेल्या फाईलला तो नियम लागत नाही, तिथं तपासणी आपणच लिहायची. ब्राउझर फाईलचा जो टाईप, म्हणजे प्रकार, सांगतो तोही सहसा एक्स्टेन्शन, म्हणजे नावाचं शेपूट, बघूनच, नाव बदलून जेपीजी केलेली कुठलीही फाईल त्याला फोटोच वाटते. उलट कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची सीडीआर फाईल, जी आपल्याकडं प्रत्येक प्रेसला लागतेच, तिचा टाईप बऱ्याचदा रिकामा येतो, म्हणजे नुसत्या टाईपवर विसंबलं तर नेमकी कामाचीच फाईल बाहेर!

म्हणून आम्ही फाईलचे पहिले काही बाईट वाचतो, त्यावरून खरा प्रकार कळतो. जेपीजी असेल तर सुरुवातीला एफएफ डी८ एफएफ हे ठरलेले बाईट. जुन्या कोरलची फाईल रिफ नावाच्या रचनेची, आणि एक्स४ या आवृत्तीपासून पुढची सीडीआर आतून झिपच, म्हणजे अनेक फाईलींचं एक गाठोडं, असते म्हणून 'पीके' या अक्षरांनी सुरू होते, पण वर्डची डॉकएक्सपण पीकेनंच, मग झिप उघडून आत काय आहे ते बघावं लागतं. हीच तपासणी सर्व्हरवर परत करतो, कारण ब्राउझरमधली कुणीही चुकवू शकतं.

मेसेजवर आम्ही फार जीव लावलाय. 'इनव्हॅलिड फाईल' वाचून गिऱ्हाईक थेट प्रेसला फोन लावतो. आमच्याकडं येतं, "ही वर्डची फाईल आहे, पीडीएफ करून टाका." २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनचे फोटो एचईआयसी या वेगळ्या प्रकारात यायला लागले, ते आम्ही नाकारत नाही, सर्व्हरवर जेपीजी करून घेतो.

सध्या पीडीएफमधले फॉन्ट एम्बेड, म्हणजे फाईलमध्येच घातलेले, आहेत का ते तिथल्या तिथं सांगायचं काम चालू आहे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेला मजकूर फॉन्टशिवाय आला तर दुसऱ्या मशीनवर भलतीच अक्षरं उमटतात, आणि पत्रिकेत नवरीचं नाव तसं छापून गेलं तर सगळा गठ्ठा रद्दीत जातो.