खर्ची पडलेली आजी

मी मालिकेचे संवाद लिहिते. हे कळलं की लग्नाकार्यात भेटणाऱ्या बायका विचारतात, "मग पुढे काय होणार ते तुम्हाला आधीच माहीत असेल ना?" नसतं. पुढे काय होणार ते बऱ्याचदा गुरुवारी ठरतं, टीआरपीचे आकडे आल्यावर. दुसरा प्रश्न वाचणाऱ्या मंडळींचा. चष्मा नाकावर सरकवत ते विचारतात, "आणि स्वतःचं काही लिहिता की नाही?" जणू बाकीचं मी शेजारणीचं लिहून देते.

लिहिते की. वर्षाकाठी एखादी कथा, फार तर दोन. दिवाळी अंकांची आमंत्रणं मे-जूनमध्ये यायला लागतात, ऑगस्टपर्यंत मजकूर द्यायचा असतो. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे मंगळागौर, गणपती आणि कुणाचं तरी डोहाळजेवण एकदम निघतं. तरी कथा होते.

आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. मालिका सोमवार ते शनिवार, म्हणजे महिन्याला साधारण २६ एपिसोड. जाहिराती वगळून प्रत्येक बावीसेक मिनिटांचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद माझे. माझ्याकडे सीनचा सांगाडा येतो, तो असा: 'सीन ४. स्वयंपाकघर. सासू सुनेला टोमणा मारते. सून रडत नाही, पण प्रेक्षक रडतो.' ते रडवायचं काम माझं. घोडबंदर रोडवरच्या सेटवरून सकाळपासून एकच विचारणा सुरू असते, "ताई, पानं गेली का?" पानं म्हणजे लिहिलेला सीन. तो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि नटमंडळी मेकअप होता होता मोबाइलवर वाचतात. मग दुपारी फोन, "काकांच्या तारखा नाहीत, त्यांना सीनमधून काढा." काकांना काढायचं म्हणजे कुठेतरी पाठवायचं. आमचे काका गेल्या पावसाळ्यात चादरींच्या ऑर्डरसाठी सोलापूरला गेले, ते अजून यायचेत.

पैसे एपिसोडमागे, प्रक्षेपणानंतर ९० दिवसांनी, टीडीएस कापून. म्हणजे गणपतीतल्या भांडणाचे पैसे नाताळात. पण येतात, आणि त्यावर घराचा हप्ता जातो. दिवाळी अंकाच्या मानधनात हप्त्याचं व्याजही जाणार नाही. ही तक्रार नाही. संपादकाची कमाई मला दिसते, आणि ती माझ्यापेक्षाही दयनीय असते.

तर, "दोन्हीचा तोल कसा साधता?" असं विचारणाऱ्यांना वाटतं की प्रश्न वेळेचा आहे. वेळ निघतो. सीन अप्रूव्हलला गेला की तासभर कुणी फोन करत नाही, माझ्या बहुतेक कथा त्या तासातल्या आहेत. उलट मागे एक मालिका अचानक बंद झाली आणि अख्खा उन्हाळा मोकळा मिळाला, तेव्हा मी माळा आवरला, लोणचं घातलं आणि एक ओळ लिहिली नाही. कथेला चोरलेला वेळ मानवतो, दिलेला नाही. का, ते मला विचारू नका.

माझी ओढाताण होते ती ऐवजावरून. माणसाजवळ मूळ पुंजी असते तरी केवढी? माझ्याकडे एक आजी, एक आजोबा, एक वाडा, एक आत्या आणि एक परदेशी गेलेला काका. एवढ्याशा ऐवजाला गिऱ्हाइकं दोन, आणि त्यातलं एक रोज दारात उभं.

आजीचंच घ्या. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "दार लोटू की लावू?" लोटलेलं दार म्हणजे तू आत्ता येशील. लावलेलं म्हणजे तुला वेळ आहे, आल्यावर कडी वाजव. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेल्या मलाही तिने हे विचारलं आणि दुबईला नोकरीला निघालेल्या काकालाही विचारलं, टॅक्सी दारात उभी असताना. काका हसून म्हणाला, "लोट गं." त्याला परत यायला सहा वर्षं लागली. आजीने त्या रात्री दार खरोखरच लोटून ठेवलं होतं. आजोबांनी मध्यरात्री उठून कडी घातली आणि सकाळी ती उठायच्या आत काढून ठेवली. हे मला आत्याने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

ही कथा आहे, हे मला ऐकता ऐकताच कळलं होतं. घाई मात्र केली नाही. काही गोष्टी थांबवून ठेवायच्या असतात, आणि ही मी चांगली थांबवून ठेवली होती.

मग एके रात्री सीन ६ आला. शनिवारचा एपिसोड, शेवटचा सीन, सून घर सोडते, सासूच्या वाक्यावर चित्र फ्रीझ. चॅनेलच्या क्रिएटिव्हचा निरोप होता, "लोकांनी सोमवारपर्यंत विसरता कामा नये असं काहीतरी." मी तीन पर्याय पाठवले. तिन्ही परत. "छान आहेत, पण पंच नाही." रात्रीचे साडेदहा झाले होते, सकाळी सातची शिफ्ट होती. मी टाइप केलं: 'सूनबाई, दार लोटू की लावू?' दोन मिनिटांत अप्रूव्हल आलं, सोबत आगीच्या तीन इमोजी.

सासूबाई मोठ्या कुंकवाच्या आणि मोठ्या डोळ्यांच्या. त्यांनी ते वाक्य भुवई उडवून, थांबत थांबत म्हटलं. कॅमेरा तीनदा त्यांच्याकडे गेला, दोनदा सुनेकडे, एकदा दाराकडे. मागे ढोल वाजला. प्रोमो आठवडाभर चालला. आमच्या सोसायटीतली मुलं लिफ्टचं दार धरून एकमेकांना विचारायला लागली. आणि आत्याचा फोन आला. "आईचं ना गं ते?" मी हो म्हटलं. ती जरा थांबून म्हणाली, "बरं म्हटलं त्या बाईनं. पण आई असे डोळे काढून नव्हती विचारत."

मला त्याचा पश्चात्ताप वगैरे झाला नाही. सीन उभा राहिला, तो आजही मला आवडतो. पण पुढे मी ती कथा लिहायला घेतली आणि पहिला खर्डा एका मैत्रिणीला वाचायला दिला, तर ती म्हणाली, "हे त्या मालिकेतलं वाक्य ना? कथेत कशाला घेतलंस, लोकांना वाटेल उचललं." आता काय सांगणार! आणि करार बघायला गेलं तर ती चुकलीही नव्हती. आमच्या करारांत लिहिलेलं असतं की लेखकाने दिलेला सगळा मजकूर संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्या सर्व माध्यमांत निर्मात्याचा. उद्या मंगळावर वस्ती झाली आणि तिथल्या आजीला नातवाला काही विचारायचं असलं, तर आधी निर्मात्याचा ना-हरकत दाखला. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, रॉयल्टीचा हक्क लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येणार नाही असं त्यात आलं. चांगली गोष्ट आहे. पण खर्च झालेली आजी परत मिळण्याची तरतूद त्यातही नाही.

जुन्या लेखकांचा मला हेवा वाटतो तो त्यांच्या नोकऱ्यांचा. (प्रतिभेचाही वाटतो, पण ते उघड बोलायचं नसतं.) श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरी करत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत. बेस्टने पेंडशांकडे कधी कोकणातली माणसं मागितली नाहीत, कॉलेजने जी. एं.कडे शोकांत शेवट मागितला नाही. अरुण कोलटकर तर जाहिरातीच्या धंद्यात होते, पण कला दिग्दर्शक म्हणून. कंपन्यांनी त्यांचा डोळा भाड्याने घेतला, शब्द घरी राहिले. ही मंडळी संध्याकाळी दमून येत असतील, वैतागून येत असतील, पण त्यांची कोठी तिकडे कुणी उघडलेली नसे.

मग मला ग. दि. माडगूळकर आठवतात आणि माझा युक्तिवाद लंगडा पडतो. ते तर शब्दांवरच जगले. चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, गाणी, सगळं मागणीबरहुकूम. आणि गीतरामायणसुद्धा पुणे आकाशवाणीने करून घेतलेलंच काम: १ एप्रिल १९५५ला रामनवमीच्या मुहूर्तावर सुरू झालं, आणि दर आठवड्याला नवं गीत असं करत वर्षभराहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीतं झाली. आठवडा संपला की पानं गेली का विचारायला तिथेही कुणीतरी असणारच. तेव्हा मागणी आली की लेखन हलकं होतं हे म्हणणं टिकत नाही. मी मनाची समजूत अशी घालते की राम सगळ्यांचा होता. तो कितीही खर्चला तरी कोठीत तेवढाच उरतो. आजीचं तसं नाही, ती एकदाच चालते.

दुसरी अडचण हाताची आहे. मालिकेचा प्रेक्षक मालिका बघत नाही, ऐकतो. कुकरची शिट्टी, फोडणीचा चर्र आवाज, मुलांची भांडणं यांच्या मधून त्याला कथा समजायला हवी. म्हणून आमची पात्रं सगळं तीनदा सांगतात आणि एकमेकांना नातीही सांगतात. "तू माझ्या थोरल्या दिरांची धाकटी मुलगी असून असं बोलतेस?" त्या बिचारीला आपण कुणाची मुलगी ते पक्कं ठाऊक असतं, पण ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला नसतं. हे कसब आहे, नाकं मुरडणाऱ्यांनी एक सीन लिहून बघावा. पण कथेला बसले की पहिली दोन पानं तसलीच येतात. माझ्या कथेतला माणूस दारातून आत येतो आणि म्हणतो, "आज वडिलांना जाऊन एक वर्ष झालं." घरात सगळ्यांना माहीत आहे, सकाळी श्राद्धही झालंय. हे खोडायचं. बायको म्हणते, "म्हणजे तुम्ही अजून त्यांना माफ केलं नाहीत?" हेही खोडायचं. खोडत खोडत शेवटी उरतं, "चहा घेणार?" आणि तिथून कथा सुरू होते. त्या मागच्या दोन पानांचं वाईट वाटून घेणं मी सोडून दिलंय. धंद्याचा हात तेवढ्यात सैल होतो.

हल्ली मी आपल्यापुरती वाटणी केली आहे. लोकलमध्ये ऐकलेलं, बँकेच्या रांगेतलं, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतलं ते सगळं मालिकेचं. सभेतलं तर हातोहात खपतं. पार्किंगवरून भांडणारे आमचे खजिनदार नाव बदलून दोन मालिकांमध्ये खलनायक होऊन गेले, ते स्वतः मालिका बघतात आणि मला सांगतात, "अशी माणसं असतात हो." घरातलं मात्र घरात ठेवायचं. आत्यालाही तसा शब्द दिलाय. ती म्हणाली, "माझं काही घ्यायचं असेल तर घे, पण मला दागिन्यांनी मढवायला सांग त्यांना."

गेल्या महिन्यात या वाटणीची परीक्षा झाली. टीआरपी घसरला आणि चॅनेलला आजोबा हवे झाले. "ताई, काहीतरी मातीतलं, खरंखुरं." माझे आजोबा माझ्याकडे तयार होते. ते दरवर्षी रेल्वेचं वेळापत्रक विकत आणायचे आणि प्रवास कधीच करायचे नाहीत. वेळापत्रक मांडीवर घेऊन ते घरबसल्या मनमाड, भुसावळ, इटारसी करत दिल्लीला जायचे. रात्री मध्येच उठून चहा टाकायचे आणि आजीने विचारलं की सांगायचे, "दौंड आलंय. इंजिन फिरवतायत, वेळ आहे." आजी निमूटपणे उठून कप घ्यायची. काका दुबईत असलेल्या वर्षांत हे फार वाढलं होतं.

हे मी चॅनेलला दिलं नाही. पाऊण तासात दुसरे आजोबा तयार करून दिले: धोतर, कोटाच्या खिशात नातवंडांसाठी गुळाचा खडा, संध्याकाळी तुळशीपाशी बसून गेलेल्या बायकोशी गप्पा. क्रिएटिव्हचा लगेच फोन. "ताई, डोळ्यात पाणी आलं. किती खरे आहेत! तुमचेच आजोबा ना?" मी हो म्हटलं. करारात याबद्दल काही नाही.

वेळापत्रकवाले आजोबा दिवाळी अंकाच्या कथेत गेले. परवा संपादकांचा निरोप आला. कथा आवडली आहे, घेत आहोत, फक्त ते मध्यरात्री दौंडला चहा पिणं जरा ओढूनताणून वाटतं, कमी करता येईल का? मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण गुळाच्या खड्याचे आजोबा मालिकेत चांगले चालले. त्यांच्या तारखा आणखी दोन आठवडे वाढवून घेतल्या आहेत आणि आज रात्रीपर्यंत त्यांची सहा पानं जायची आहेत.