आज टीव्हीपुढून हललो नाही

४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. सकाळी आठला अण्णा टीव्हीपुढे बसले ते थेट संध्याकाळी उठले. जेवणही तिथंच. आमचं गाव निफाड तालुक्यात, म्हणजे मतदारसंघ दिंडोरी. देशाचं काय व्हायचं ते होईल, आमचं लक्ष कांद्याकडे.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा अण्णांनी कांदाचाळीतला माल मिळेल त्या भावात काढला. यंदा ४ मे रोजी बंदी उठली, म्हणजे आमच्याकडच्या मतदानाच्या सोळा दिवस आधी! एवढं न कळायला शेतकरी काय दूधखुळा आहे? केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार पडल्या, शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे लाखाच्या वर मतांनी आले. गंमत म्हणजे दुसऱ्या एका भगरेंनी नुसत्या 'तुतारी' या चिन्हावर लाखभर मतं घेतली. पवारांच्या पक्षाची खरी तुतारी माणसाच्या हातातली होती! आमच्या आत्याबाईंनाही आता शंका आहे, आपण नक्की कुठलं बटण दाबलं.

दिल्लीत भाजप २४० वर थांबलाय, बहुमताला ३२ कमी. आता चंद्राबाबूंचे १६ आणि नितीशकुमारांचे १२ सांभाळत सरकार चालवायचं. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू. दहा वर्षांनी कुणाला तरी विचारून निर्णय घ्यावे लागतील.

अण्णा मात्र टीव्ही बंद करता करता एवढंच म्हणाले, "ते राहू दे, उद्या लासलगावला भाव काय निघतो ते बघ."