उलट बाजू

शनिवारपासून तो आरसा डोक्यातून जात नाहीये.

फ्रान्समधलं ओब्यूसों हे टॅपेस्ट्रीचं, म्हणजे भिंतीवर टांगायच्या लोकरी विणलेल्या चित्रांचं गाव. तिथला माग आडवा असतो. ताण्याखाली चित्राचा कागद, आणि विणकराच्या समोर कापडाची उलट बाजू, धाग्यांची टोकं लोंबणारी. सुलट बाजू खाली. एक चौरस मीटर विणायला एका माणसाला साधारण महिना लागतो. विणून झालेलं गुंडाळत जायचं. सगळं चित्र दिसतं ते मागावरून कापून उतरवल्यावरच. मधेच बघावंसं वाटलं तर खालून छोटा आरसा सरकवायचा. तिथल्या बाईंनी सरकवून दाखवला. मला दिसला बोटभर निळा.

१९६२ साली 'फ्रान्स' जहाज ल आव्रहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा निघालं, तेव्हा पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात चित्रकार कामीय इलेरची 'सू-ब्वा' ही टॅपेस्ट्री होती. नाव जंगलाचं, पण झाड शोधू गेलं तर हाती रंगांचे तुकडेच येतात. घरी येऊन त्या दिवाणखान्याचा जुना फोटो पाहिला. बायका गप्पांत रंगल्यात आणि सगळ्यांची भिंतीकडे पाठ.

मला रडूच आलं. विणणाऱ्याच्या वाट्याला पाठ, बघणाऱ्यांचीही पाठ. मग चेहरा पाहिला कुणी?

जहाज १९७४ साली थांबलं. जेमतेम बारा वर्षं. पुढे नावं बदलत २००६ साली तोडायला आलं ते आपल्या अलंगला. ॲस्बेस्टॉसवरून कोर्टकचेरी चालली होती, तेव्हा मी पेपरात रोज वाचायचे. त्या लोखंडाच्या आत कधी लोकर टांगलेली होती, हे मनातही आलं नव्हतं.

ऑफिसचं इथे लिहीत नाही. अकरा वर्षं, आणि पहिल्या पानावर माझं नाव नाही. असो.

रात्री आईची पैठणी काढली. पदराचं विणकाम याच जातीचं, रंगागणिक धाग्याची वेगळी तिल्ली. पण येवल्याचा विणकर टोकं अशी जिरवतो की मोर दोन्हीकडून मोरच दिसतो. दिव्याखाली धरून बघत बसले. एका मोराच्या मानेजवळ हिरव्याचं एक टोक सुटलेलं सापडलं, केसाएवढं. त्यावरून कितीदा बोट फिरवलं.

तेव्हा आठवलं. त्या बाईंनी आरशात दोन क्षणच पाहिलं होतं. मग तो बाजूला ठेवला आणि त्या लोंबत्या टोकांमध्ये पुन्हा हात घातला, सवयीने, कसलीही घाई नसल्यासारखा. आरशात बघत राहिले होते ती मी.