हुमणातली मासळी कोणाच्या ताटात?

गावच्या देवळात महाप्रसादाला पंगतीत बसले आणि जेवून उठताना पाय साथ देईनात. शेजारच्या वहिनींनी हात दिला म्हणून उठले. वय 54, वजन 58 किलो, गुडघ्यांचा एक्स-रे बरा. मला वाटलं, वय झालं. डॉक्टर म्हणाले, मांड्यांचे स्नायू ढिले पडलेत, आधी काय खाता ते बघा.

हसूच आलं. गोव्यातल्या फोंड्यात राहणारी, सोमवार-गुरुवार सोडले तर रोज शीत-हुमण, म्हणजे भात नि नारळाच्या रसातली मासळीची आमटी, खाणारी बाई मी. मला प्रथिनं कमी?

आहारतज्ज्ञ बाईंनी तीन दिवसांची वही लिहायला सांगितली, त्यातला एक दिवस सोमवारचा. अट एकच: स्वयंपाकात काय शिजलं ते लिहायचं नाही, आपल्या ताटात काय आलं ते लिहायचं. तिथेच सगळं उघडं पडलं. चार जणांच्या हुमणात पाच बांगडे. दोन मुलाला, दोन ह्यांना, उरलेल्याचा मधला तुकडा सासूबाईंना. माझ्या वाट्याला डोकं, शेपटी नि भरपूर रस. कोणी तसं सांगितलं नव्हतं हं, वाढणारी मीच होते! रसात नारळ, मिरची, आंबट सगळं असतं, प्रथिनं मात्र नावाला.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, हा आपल्या आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, 2020 चा हिशेब. म्हणजे मला 48 ग्रॅम. मासळीच्या दिवशी माझी बेरीज 33 वर थांबली, सोमवारी 24 वर. तीसुद्धा बरीचशी भात नि उंड्यांतून (आमच्याकडचे गोल पाव) आलेली.

मुलाने हौसेने प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला. दोन दिवसांत पोट ढोलासारखं फुगलं. बाई म्हणाल्या, "दूध पचतं का तुम्हाला?" दूध मला लहानपणापासून पचत नाही, आणि ती पावडर दुधाच्याच पाण्यापासून केलेली. डबा मुलाकडे परत गेला. मला रक्तदाबाची गोळी चालू असल्याने बाईंनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं मनाने वाढवायची नसतात, हे मला तेव्हाच कळलं.

मग वजनकाटा ओट्यावर आला. एक बांगडा 140 ग्रॅम. डोकं, पोट, काटा जाऊन खाण्याजोगा उरला 75. त्यातून साधारण 15 ग्रॅम प्रथिनं. एक अंडं 6. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम सुके अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), 7. हे अळसांद्यांचं मला फार बरं वाटलं. त्यांचं तोणाक, म्हणजे रस्सा, आम्ही करतोच, पण उंड्याला बुडवण्यापुरतं. आता वाटीभर दाणे घेते. लायसिन नि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक. भातात जे लायसिन कमी असतं ते कडधान्यात भरपूर, आणि कडधान्यात जे मेथिओनिन कमी ते भातात, म्हणून जोडी जमते. पहिल्याच आठवड्यात उत्साहाने रोज अळसांदे केले आणि घरभर वायू! मग रात्रभर भिजवून, पाणी फेकून, आठवड्यातून तीनदाच.

खरी परीक्षा पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, बाजारात मिळेल ती मासळी सोन्याच्या भावाने. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोशिंबीर, आवडते, पण मिठामुळे मला बेतानेच. पुढे श्रावण. दोन महिने अंडी, मूग, भाजलेले चणे यांवर काढले, श्रावणात अंडीही नाहीत. दही मात्र मला पचतं, ते वाटीभर रोज. सोयाबीनच्या वड्या एकदा हुमणात घातल्या. ह्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांचंही चूक नव्हतं.

सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठबस, कारण नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत. एप्रिलमध्ये तीस सेकंदांत 8 वेळा जमत होतं. चतुर्थीच्या आधी 12.

विसर्जनानंतर पहिले बांगडे आले. आता मोजून आठ घेते, माणशी दोन. सासूबाई 79 वर्षांच्या. म्हातारपणी गरज दर किलोमागे ग्रॅमभर किंवा थोडी जास्तच धरतात, म्हणून त्यांच्या ताटात पहिल्यांदाच अख्खे दोन बांगडे वाढले.

"इतलें कित्याक गो?" म्हणाल्या, आणि काटा बाजूला काढायला लागल्या.