एक सेंटचं नाणं भिंतीवर चढवताना

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमधल्या एका गल्लीत, नाण्यांची चित्रं घडवणाऱ्या स्टुअर्ट डेव्हलिन यांच्या नाण्यांचं भित्तिचित्र करणाऱ्या गटात मी होते. रंगाआधी कागद: भिंतीच्या मालकाचं संमतिपत्र, पालिकेची परवानगी, विमा. चित्रं चलनातली असल्यामुळे कॅनबेराच्या टांकसाळीकडे वेगळा अर्ज. त्याची वाट बघण्यातच बराच काळ गेला.

डेव्हलिन जिलाँगचेच, जन्म 1931 चा. 14 फेब्रुवारी 1966 ला ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंग सोडून डॉलर-सेंट घेतले, तेव्हाच्या सहाही नाण्यांवरची, राणीच्या चेहऱ्याच्या उलट बाजूची चित्रं त्यांची.

खरा वाद झाला तो कुठली नाणी घ्यायची यावर. एकिडना (काटेरी मुंगीखाऊ), लायरबर्ड (लांब पिसाऱ्याचा पक्षी), प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा प्राणी) ही रोजच्या खिशातली मंडळी, त्यांना कोण नाही म्हणणार? मी अडून बसले ते 1 सेंटवरच्या फेदरटेल ग्लायडरसाठी (झाडांवरून तरंगत जाणारा चिमुकला प्राणी) आणि 2 सेंटवरच्या झालरवाल्या सरड्यासाठी. ही दोन्ही 1992 पासून चलनातून काढून घेतली गेली आणि त्यांचं कासं वितळवून 2000 च्या सिडनी ऑलिंपिकची कांस्यपदकं झाली. पोरांना ती ठाऊकच नाहीत, मग भिंतीवर नको का? शेवटी मान्य झालं, थोडंफार कंटाळून.

18 मिलिमीटरही नसलेलं नाणं दोन मीटरचं करायचं म्हणजे शंभरपटीहून मोठं. भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा फराटल्या, फोटो काढला, त्यावर फोनमध्ये चित्र ठेवलं आणि खुणांच्या आधाराने रेषा मारल्या. चौकटी आखण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. अवघड होती ती छाया. नाण्यावर रंग नसतोच. उठाव दिसतो तो उजेडामुळे. सपाट विटांवर तो उजेड आपणच ठरवायचा. आमची भिंत पश्चिमेला तोंड करून, आणि इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. तसाच उजेड रंगवला. एकिडनाच्या काट्यांनी मात्र जीव काढला, प्रत्येकाला उजळ कड आणि गडद कड!

वरून ग्राफिटीरोधक थर दिला, तोही मॅट. चकचकीत थरावर उन्हात छटा पुसल्यासारख्या होतात.

शेजारचे दुकानदार म्हणाले, "आकडे घाला, नाहीतर लोकांना नुसते प्राणीच वाटतील." मला आकडे नको होते. घातले. डेव्हलिन यांनीही घातलेच होते की.